रद्दी, पालक आणि नत्राचा हिशेब

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या घरातून निघालेली रद्दी या खेपेला नेहमीपेक्षा जास्त होती. मुलांच्या जुन्या वह्या, बँकेची पत्रं, वर्तमानपत्रांचे गठ्ठे, पार्सलची खोकी. रद्दीवाला आला, नीट घडी घातलेली वर्तमानपत्रं आणि वह्या तोलून घेऊन गेला. फाटके तुकडे, पावसाळ्यात भिजलेला एक गठ्ठा आणि अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे मात्र त्यानं बाजूला सारले. "ताई, हे चालत नाही," म्हणाला.

गच्चीवर आमच्या दहा-बारा कुंड्या आणि दोन क्रेट आहेत. कागद लाकडापासून होतो आणि लाकूड झाडापासून. म्हणजे तो पुन्हा मातीत गेला तर त्याचं खतच होणार, असा सरळ हिशेब मी केला. कागद बारीक फाडला आणि चार घमेली मातीला एक घमेलं कागद अशा प्रमाणात दोन्ही क्रेटमध्ये मिसळून टाकला. एकात पालक पेरला, दुसऱ्यात पावटा लावला.

महिनाभरानंतरचं दृश्य असं होतं. पालक बोटभर उंचीवर अडून बसला होता. पानं फिकट, खालची तर पिवळीधमक. शेजारच्या क्रेटमधला पावटा मात्र हिरवागार. माती तीच, पाणी तेच, ऊन तेच. आधी वाटलं, छापील शाईनं पालकाला विषबाधा झाली असावी. पण मग पावट्याला ती का झाली नाही?

या प्रश्नाच्या उत्तरातच कागद आणि भाजीपाल्याची बाग यांचं सगळं नातं दडलेलं आहे. गच्चीवर, गॅलरीत किंवा परसात भाज्या लावणाऱ्या प्रत्येकानं ते समजून घ्यायला हवं. कारण कागद बागेत उपयोगी आहे यात शंका नाही. पण कोणता कागद, किती आणि कुठे, हे चुकलं तर भाजी उपाशी राहते. क्वचित नको ती द्रव्यंही आपल्या ताटाच्या दिशेनं प्रवास करू लागतात.

कागद म्हणजे नेमकं काय?

कागदाचा मुख्य घटक सेल्युलोज. झाडाच्या पेशींची भिंत ज्याची बनलेली असते तेच हे तंतू. वर्तमानपत्राच्या कागदात सेल्युलोजबरोबर लिग्निनही बऱ्यापैकी शिल्लक असतं. लाकडाला कडकपणा देणारा हा पदार्थ. उन्हात ठेवलेलं वर्तमानपत्र दोन-चार दिवसांत पिवळं पडतं, ते या लिग्निनमुळेच. वह्यांच्या पांढऱ्या कागदातून लिग्निन बहुतांशी काढून टाकलेलं असतं, म्हणून तो जास्त काळ पांढरा राहतो आणि मातीत तुलनेनं लवकर कुजतो.

रसायनशास्त्राच्या नजरेनं पाहिलं तर सुक्या कागदाच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग कर्ब, म्हणजे कार्बन असतो. नत्र, म्हणजे नायट्रोजन, जवळजवळ नसतोच. कर्ब आणि नत्र यांच्या या प्रमाणाला शेतीच्या भाषेत कर्ब-नत्र गुणोत्तर म्हणतात. स्वयंपाकघरातल्या भाजीपाल्याच्या ओल्या कचऱ्यात नत्राच्या एका भागामागे कर्बाचे साधारण १५ ते २० भाग असतात. शेणातही जवळपास तेवढेच. सुक्या पालापाचोळ्यात ते ४० ते ८०पर्यंत जातं. वर्तमानपत्रात आणि पुठ्ठ्यात मात्र नत्राच्या एका भागामागे कर्बाचे कित्येक शे भाग असतात.

आता हा कागद कुजवणार कोण? मातीतले जिवाणू आणि बुरशी. त्यांच्या शरीरात कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण ढोबळमानानं आठास एक असतं. खाल्लेल्या कर्बापैकी बराचसा ते श्वसनात जाळून टाकतात, उरलेला शरीर वाढवायला वापरतात. हा सगळा जमाखर्च मांडला तर त्यांना असं अन्न लागतं, ज्यात कर्बाच्या सुमारे २४ भागांमागे नत्राचा एक भाग असेल. कर्ब त्याहून फार जास्त असेल, तर कमी पडणारं नत्र ते आजूबाजूच्या मातीतून उचलतात. मुळांपेक्षा सूक्ष्मजीव संख्येनं प्रचंड आणि चपळ. नत्राच्या या शर्यतीत ते झाडाला सहज मागं टाकतात.

माझ्या पालकाचं हेच झालं. मी मातीत खत मिसळलं नव्हतं. भुकेलेल्या सूक्ष्मजीवांची पंगत बसवली होती, आणि त्या पंगतीनं पालकाच्या वाट्याचं नत्र संपवलं. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या पानांकडे पाठवतं. म्हणून पिवळेपणा खालच्या पानांपासून सुरू होतो. पावटा वाचला, कारण तो शेंगवर्गीय. त्याच्या मुळांवरच्या गाठींमध्ये रायझोबियम जिवाणू राहतात आणि ते हवेतलं नत्र पकडून झाडाला देतात. त्याची नत्राची सोय घरचीच होती. बिचाऱ्या पालकाला बाजारावर अवलंबून राहावं लागलं.

एक दिलासा म्हणजे हे नत्र कायमचं हरवत नाही. कागद कुजून संपला की सूक्ष्मजीवही मरतात आणि त्यांच्या शरीरातलं नत्र पुन्हा मातीत मोकळं होतं. पण त्याला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. पालकाचं पीक मात्र महिना-दीड महिन्याचं. मी शेंगदाणा पेंड भिजवून तिचं पातळ पाणी आठवड्यातून एकदा द्यायला सुरुवात केली. पेंडीत सुमारे ७ टक्के नत्र असतं. नवी पानं हिरवी येऊ लागली. पहिली कापणी मात्र गेली ती गेलीच.

यातून पहिला नियम निघतो: कोरडा, कच्चा कागद कुंडीच्या मातीत मिसळायचा नाही. कागदाला बागेत दोनच जागा आहेत, एक कंपोस्टच्या डब्यात आणि दुसरी मातीच्या पृष्ठभागावर.

आजचा पेपर, आजचा ओला कचरा

कंपोस्टच्या डब्यात कागदाचा दोष हाच त्याचा गुण ठरतो. घरचं कंपोस्ट करणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते की डब्याला वास येतो, तळाशी पाणी साचतं, अळ्या होतात. याचं कारण बहुतेक वेळा एकच: ओला कचरा भरपूर आणि कोरडा कमी. भाज्यांची देठं, फळांची सालं, चहाचा चोथा यांत पाणी आणि नत्र दोन्ही जास्त. त्यात हवा खेळत नाही, कचरा सडू लागतो आणि जास्तीचं नत्र अमोनिया होऊन उडून जातं. तोच तो झोंबणारा वास. फाडलेला कागद इथे तीन कामं करतो. जास्तीचं पाणी शोषतो, कचऱ्यात हवेसाठी पोकळी ठेवतो आणि उडून जाणाऱ्या नत्राला कर्बाची जोड देतो. जे नत्र पालकाकडून हिसकावलं गेलं, तेच इथे वाया जाण्यापासून वाचतं.

प्रमाण किती, हे मोजायला मी स्वयंपाकघरातला काटा वापरला. सोळा पानांचं एक वर्तमानपत्र साधारण ६० ते ७० ग्रॅम भरलं. चौघांच्या घरातला भाजी निवडल्यानंतरचा, चहाचा आणि फळांचा ओला कचरा दिवसाला सुमारे किलोभर निघतो. कर्ब-नत्राचा हिशेब मांडला तर एक किलो ओल्या कचऱ्याला शंभर ग्रॅमपर्यंत कागद सहज पचतो. म्हणजे लक्षात ठेवायला सोपं सूत्र असं: एका दिवसाच्या ओल्या कचऱ्याला एका दिवसाचा पेपर. त्यापेक्षा जास्त कागद घातला तर कुजण्याची गती मंदावते. घरात पालापाचोळा मिळत असेल तर निम्मा कागद आणि निम्मा पाचोळा उत्तम.

पद्धत साधी आहे. तळाला आणि बाजूंना भोकं पाडलेला डबा किंवा जुनी बादली घ्या. तळाशी पाचोळ्याचा किंवा नारळाच्या शेंड्यांचा थर द्या. कागद अखंड घालू नका. अख्खी पानं ओली झाली की एकमेकांना चिकटून त्यांचा पापुद्रा होतो, त्यातून हवा जात नाही आणि महिन्यांनंतरही मथळे वाचता येतात. दोन-दोन इंचांच्या पट्ट्या फाडा, हातात चुरगळा आणि ओल्या कचऱ्यात मिसळा. विरजण म्हणून मूठभर तयार कंपोस्ट किंवा थोडं आंबट ताक घाला. तीन-चार दिवसांनी एकदा वरखाली करा.

ओलावा बरोबर आहे का, हे मुठीनं ओळखता येतं. मिश्रण मुठीत दाबलं तर बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर कागद वाढवा. हाताला कोरडं लागलं तर पाणी शिंपडा. वास अमोनियासारखा किंवा कुजक्या अंड्यांसारखा आला तरीही कागद वाढवा आणि मिश्रण हलवा. मिश्रण ढिम्म पडलं असेल, कागद जसाच्या तसा दिसत असेल, तर ओला कचरा वाढवा.

डबा भरल्यावर दीड ते दोन महिन्यांत, थंडीत थोडं अधिक, कंपोस्ट काळसर होतं आणि त्याला पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास येतो. ते पक्व झालं की नाही याची घरगुती परीक्षा आहे. एका वाटीत थोडं कंपोस्ट घ्या, त्यात दहा-बारा मोहरीचे किंवा मेथीचे दाणे पेरा. चार-पाच दिवसांत बहुतेक उगवले आणि रोपं तरतरीत दिसली तर खत तयार आहे. रुसली तर आणखी दोन आठवडे थांबा.

गांडूळखत करणाऱ्यांना तर कागद हवाच असतो. गांडूळखतासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या आयसेनिया फेटिडा या गांडुळांना ओलसर, भुसभुशीत अंथरूण लागतं. पाण्यात भिजवून पिळलेले वर्तमानपत्राचे तुकडे, अंड्यांचे ट्रे आणि खोक्यांचा नालीदार पुठ्ठा हे अंथरूण म्हणून छान चालतात. नालीदार पुठ्ठ्याच्या पोकळ्यांत गांडुळं हौसेनं राहतात. या पुठ्ठ्याचे थर चिकटवायला बहुधा स्टार्चची खळ वापरलेली असते, त्यामुळे ती त्यांना बाधत नाही. त्यावरची प्लास्टिकची चिकटपट्टी आणि पत्त्याचं लेबल मात्र आधी काढायला हवं.

मातीवर पांघरूण

कागदाची दुसरी जागा म्हणजे मातीच्या वर, आच्छादन म्हणून. इथे तो मातीत मिसळलेला नसल्यानं नत्राची ओढाताण फक्त पृष्ठभागाच्या पातळ थरात होते. मुळं जिथे असतात तिथवर ती पोचत नाही. उन्हाळ्यात गच्चीवरची कुंडी दुपारपर्यंत तापते आणि वरची माती कोरडी ठणठणीत होते. ओल्या कागदाचे दोन-तीन पदर आणि त्यावर दोन इंच पालापाचोळा एवढं पांघरूण बाष्पीभवन चांगलंच कमी करतं. पाण्याच्या टँकरवर जगणाऱ्या सोसायटीत ही बचत मोलाची असते.

जमिनीवरच्या वाफ्यात चार ते सहा पदर लागतात. कडा एकमेकींवर चार-पाच बोटं चढवून अंथराव्यात, म्हणजे फटीतून तण डोकं काढत नाही. सूर्यप्रकाश अडल्यानं बिया रुजूनही रोपं जगत नाहीत. मात्र लव्हाळ्यावर याचा फार भरवसा ठेवू नका. त्याचं टोकदार अंकुर प्लास्टिकलाही भोक पाडतं, तिथे कागदाची काय कथा. हरळीही कडेकडेनं वाट काढते. हे दोन्ही तण आधी गाठींसकट, मुळांसकट खणून काढावे लागतात.

आच्छादनाच्या काही मर्यादा आपल्याकडच्या हवामानामुळे अधिक जाणवतात. पहिली वाळवी. सेल्युलोज हे वाळवीचं आवडतं खाणं, त्यामुळे वाळवीचा उपद्रव असलेल्या भागात पुठ्ठा अंथरणं म्हणजे तिला आमंत्रण. घराच्या भिंतीलगत, लाकडी चौकटीजवळ किंवा फळझाडाच्या बुंध्याशी तो घालूच नये. दुसरी मर्यादा पावसाळ्याची. कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर कागद सतत चिंब राहतो. त्याखाली गोगलगायी जमतात आणि मिरची, वांगी यांच्या खोडाशी बुरशी धरून रोप कोलमडतं. म्हणून पावसाळ्यात कागदाचं आच्छादन काढून नुसता पाचोळा ठेवावा. इतर ऋतूंतही खोडाभोवती दोन-तीन इंच जागा मोकळी सोडावी.

तिसरी मर्यादा हवेची. मुळांना आणि मातीतल्या जिवांना प्राणवायू लागतो. जाड पुठ्ठ्याचा अखंड थर मातीत हवेची ये-जा अडवतो, असं अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या उद्यानविद्येच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. लाकडाच्या भुग्याचं किंवा सालींचं भरड आच्छादन त्या दृष्टीनं बरं. म्हणून पुठ्ठा घालायचाच असेल तर नवा वाफा तयार करताना, तण मारण्यापुरता घालावा. वाढत्या पिकाला पातळ कागद आणि त्यावर पाचोळा पुरेसा असतो.

रोपवाटिकेसाठी कागदाच्या छोट्या कुंड्या करण्याची कल्पना मुलांना फार आवडते. पेल्याभोवती कागदाची पट्टी गुंडाळायची, तळ दुमडायचा, पेला काढून घ्यायचा. टोमॅटो, मिरची, वांगी यांची रोपं तीन-चार आठवडे त्यात छान राहतात आणि मुळांना धक्का न लावता लावता येतात. दोन गोष्टी सांभाळा. लावताना तळ उलगडा किंवा फाडा, नाहीतर मुळं आतच अडकतात. आणि कागदाची कड मातीच्या वर राहू देऊ नका. दिव्याची वात तेल ओढते तशी ती कड मुळांपाशी असलेलं पाणी वर ओढून हवेत सोडते आणि रोप सुकतं.

शाईचं काय?

आता मूळ शंकेकडे येऊ. भाजी आपण खाणार, मग छापील कागद तिच्या मातीत चालतो का?

भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं २०१६मध्ये वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधण्याविरुद्ध इशारा दिला आणि पुढे २०१८च्या पॅकेजिंग नियमांत त्यावर बंदी घातली. छपाईच्या शाईत शिशासारखे जड धातू आणि इतर घातक रसायनं असू शकतात, हे त्यामागचं कारण. भजी, वडापाव यांसारख्या गरम आणि तेलकट पदार्थांत ही द्रव्यं थेट उतरतात. वर्तमानपत्राची शाई पूर्ण वाळत नाही, कागदात मुरते. म्हणून तर सकाळी पेपर वाचताना बोटं काळी होतात. त्या शाईतलं खनिज तेल हीसुद्धा काळजीची बाब आहे.

मातीतली गोष्ट थोडी वेगळी आहे. काळ्या शाईतलं रंगद्रव्य म्हणजे मुख्यतः काजळीसारखा कर्बच. तेलाचा बराच भाग कंपोस्टमधले सूक्ष्मजीव खाऊन टाकतात, आणि असे तेलकट, मोठे रेणू मुळांवाटे झाडात सहज शिरत नाहीत. त्यामुळे काळ्या-पांढऱ्या पानांचा मर्यादित वापर, तोही कंपोस्टमधून, हा मोठा धोका मानला जात नाही. जड धातूंचं मात्र तसं नाही. त्यांना कोणताच जिवाणू संपवू शकत नाही. ते मातीत पडले की तिथेच राहतात आणि दरवर्षी भर पडली तर साठत जातात. कुंडीतली माती तर मोजकीच. तिथे साठा लवकर वाढतो. पालेभाज्या आणि कंदभाज्यांमध्ये, तसंच त्यांना चिकटलेल्या मातीतून, असे धातू पोटात जाण्याची शक्यता फळभाज्यांपेक्षा जास्त असते. म्हणून छापील कागदाचं कंपोस्ट शक्यतो टोमॅटो, भेंडी, दुधी, वांगी यांना द्यावं. पालक, मुळा, कोथिंबीर यांना कोऱ्या कागदाचं किंवा पाचोळ्याचं द्यावं. जमिनीशी सलगी असलेली भाजी भरपूर पाण्यात धुणं हा नियम तर सगळ्यांनाच लागू.

काही कागद मात्र बागेच्या दारातूनच परत पाठवायला हवेत.

दुकानातली आणि एटीएमची गुळगुळीत पावती हा त्यातला पहिला. हा थर्मल कागद. त्यावर शाई नसते. कागदावरच्या रसायनाच्या थरामुळे उष्णतेनं अक्षरं उमटतात. या थरात बिस्फेनॉल ए किंवा त्याचाच भाऊबंद बिस्फेनॉल एस असतो. संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करणारं रसायन म्हणून बिस्फेनॉल ए ओळखलं जातं आणि युरोपीय संघानं २०२०पासून थर्मल कागदातल्या त्याच्या वापरावर कडक मर्यादा घातली आहे. ओळखायची खूण सोपी: पावतीवर नखानं जोरात ओरखडा काढा. काळी रेघ उमटली तर कागद थर्मल. तो कंपोस्टमध्ये नको, आणि रद्दीतही नको.

दुसरा गट प्लास्टिकचा पापुद्रा असलेल्या कागदांचा. चहाचे कागदी कप, मिठाईचे चकचकीत खोके, लॅमिनेशन केलेल्या लग्नपत्रिका. कागद कुजतो आणि प्लास्टिकचे सूक्ष्म तुकडे मातीत उरतात. कोपरा हळूच फाडून पाहा. कडेला पातळ पारदर्शक पापुद्रा ताणला गेला तर तो कागद बाद. तेल न झिरपणाऱ्या काही खाद्यवेष्टनांत पीएफएएस या गटातली रसायनं असू शकतात. ती निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत आणि झाडं ती मुळांवाटे शोषतात. अशी वेष्टनंही नकोत.

तिसरा गट दिवाळीचा. फटाक्यांच्या लडीचा लाल कागदाचा सडा झाडून कुंडीत टाकण्याचा मोह होतो. त्यात बेरियम, तांबं, स्ट्रॉन्शियम यांसारख्या धातूंचे क्षार असू शकतात. तो भाजीच्या मातीत कधीही टाकू नये. चकाकी, सोनेरी वर्ख, रंगीत भेटकागद आणि मासिकांची गुळगुळीत पानंही याच यादीत धरा.

फाडणाऱ्याची काळजी

बागेच्या आरोग्याबरोबर माळ्याचं आरोग्यही महत्त्वाचं. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेल्या रद्दीत धूळ आणि बुरशीचे बीजाणू भरपूर असतात. ती कोरडी फाडली की दम्याच्या किंवा ॲलर्जीच्या रुग्णाला त्रास होऊ शकतो. फाडण्याआधी कागदावर पाणी शिंपडा, काम मोकळ्या हवेत करा आणि दमा असेल तर मास्क लावा. कोरडं कंपोस्ट वरखाली करतानाही तेच. पिना आणि स्टेपल आधी काढा; मातीत हात घालताना त्या नखात शिरतात. बागकाम करणाऱ्यानं धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असावी, हेही या निमित्तानं सांगायला हवं. अंड्यांच्या ट्रेला कच्च्या अंड्यांचे डाग असतील तर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. ते ट्रे फाडल्यावर हात साबणानं धुवा आणि त्यांचा वापर कंपोस्टपुरताच ठेवा.

आधी रद्दी, मग माती

एवढं सगळं सांगितल्यावर एक उलटी गोष्ट सांगते. चांगला, कोरडा, स्वच्छ कागद बागेत घालूच नका. तो रद्दीवाल्याला द्या. कागदाचे तंतू साधारण पाच ते सात वेळा पुन्हा कागद होऊ शकतात. दर वेळी ते थोडे आखूड होत जातात आणि शेवटी निकामी होतात. जो तंतू अजून कागद होऊ शकतो, त्याला तो होऊ द्यावा. त्यानं लाकूड वाचतं, पाणी वाचतं आणि रद्दी गोळा करणाऱ्याच्या घरची चूलही पेटते.

बागेच्या वाट्याला यावा तो रद्दीवाल्यानं नाकारलेला कागद. भिजलेला, चुरा झालेला, अन्नाचे डाग पडलेला साधा पुठ्ठा, भाजी निथळायला वापरलेला कागद, अंड्यांचे ट्रे. असा कागद एरवी सुक्या कचऱ्याबरोबर जातो आणि ओला झाला की बाकीचा सुका कचराही खराब करतो. कचराभूमीवर दडपला गेला तर तिथे हवेविना कुजून मिथेन तयार करतो. तोच आपल्या डब्यात हवेशीर कुजला तर कुंडीभर माती होतो.

महाराष्ट्रात ही दृष्टी नवी नाही. प्रा. श्री. अ. दाभोळकर आणि त्यांच्या 'प्रयोग परिवारा'नं अनेकांना हेच शिकवलं, की भोवतालचा जैवभार ही संपत्ती आहे आणि तिच्यापासून माती घडवता येते. शहरांतल्या कित्येक गच्च्यांवर उसाच्या चिपाडावर आणि पालापाचोळ्यावर भाज्या पिकल्या त्या याच विचारातून. कागद हा त्या जैवभाराचाच एक दूरचा नातेवाईक. फक्त त्याचा स्वभाव ओळखून त्याला वागवावं लागतं. तो खत नव्हे. कर्बाचा कोरडा साठा आहे. त्याला नत्राची सोबत मिळाली तर माती श्रीमंत होते, एकटा सोडला तर तो मातीकडेच उधार मागतो.

आमच्या त्या दोन क्रेटची आताची स्थिती सांगायची तर, पावटा काढून झाल्यावर त्याची मुळं मातीतच ठेवली. पालकाच्या क्रेटमधला कागद आता हाताला लागत नाही, माती काळी आणि भुसभुशीत झाली आहे. त्यात पुन्हा पालक पेरला आहे. या खेपेला कागद डब्यात आणि डब्यातलं तयार खत क्रेटमध्ये, असा क्रम ठेवला आहे. पानं तळहाताएवढी झाली आहेत, खालचीसुद्धा हिरवी आहेत.

हा अंक वाचून झाला, घरातल्या सगळ्यांचं शब्दकोडं सोडवून झालं, की पानं घडी घालून रद्दीत ठेवा. चहा सांडला असेल तर मात्र त्यातली काळी-पांढरी पानं वेगळी काढा, दोन-दोन इंचांच्या पट्ट्या करा आणि आजच्या भाजीच्या देठांवर टाका.